नाव तोंडात, वचन वहीत

आमच्या बिलात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ असे रकाने आहेत. नाव सुचवण्याचा रकाना नाही. मध्यंतरी तो घालून पाहिला, तर श्रीगोंद्याच्या एका कवींनी बिलावर बोट ठेवून विचारलं, "दोन शब्दांचे पैसे? आवो, अख्ख्या संग्रहात शब्द किती आहेत ते तरी बघा की!" तेव्हापासून प्रकाशनाचं नाव, लेखकाचं नाव, घोषवाक्य, मलपृष्ठावरचा मजकूर हे सगळं 'मुखपृष्ठ व इतर' यात जातं. वेळ मात्र सगळ्यात जास्त या 'इतर'लाच लागतो.

दुकान नगरात, दिल्लीगेटजवळच्या एका बोळात. सुरुवात लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि साखर कारखान्यांच्या वार्षिक सभांच्या नोटिसांपासून झाली. मग कवितासंग्रह येऊ लागले, आत्मकथनं आली, गावांचे इतिहास आले, दिवाळी अंक आले. चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात लिहिणाऱ्यांना तोटा नाही. निवृत्त गुरुजी, ग्रामसेवक, कारखान्यातले कामगार, कीर्तनकार, डाळिंबाची बाग सांभाळून गझल लिहिणारे शेतकरी, सगळे आहेत. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांच्या उत्तराची वाट बघून कंटाळले की ते स्वतःच प्रकाशक होतात. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. पण अर्जात प्रकाशनाचं नाव भरावं लागतं. तिथं पेन थांबतं आणि माणूस आमच्या बोळात येतो.

येताना प्रत्येकाच्या खिशात एक नाव असतंच. ते बहुतेक वेळा 'शब्द' किंवा 'अक्षर'ने सुरू होतं आणि गंध, वेल, धारा यांपैकी कशावर तरी संपतं. वाईट काहीच नसतं त्यात. अडचण एवढीच की आमच्या जिल्ह्यात 'शब्द' म्हटलं की वाचणाऱ्याला श्रीरामपूरचं 'शब्दालय' आठवतं. सुमती लांडे यांनी तालुक्याच्या गावी राहून ते नाव उभं केलं. संगमनेरच्या रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' ही भलीमोठी कादंबरी त्यांनीच काढली. आता इथं कुणीही 'शब्द'वालं नवं नाव काढलं की ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, "त्यांचंच का हे?" आपल्या पाटीवर दुसऱ्याची ओळख सांगत बसायची असेल, तर पाटीचा खर्च कशाला करायचा?

नावाची माझी परीक्षा साधी आहे. दुकानात टायपिंगला बसणारा एक मुलगा आहे, बारावी झालेला. ग्राहकाला मी बाहेर, गेटसमोरच्या रहदारीत पाठवतो आणि तिथून दुकानाच्या फोनवर नाव सांगायला लावतो. एकदाच सांगायचं, फोड करून सांगायचं नाही. मुलगा कागदावर जे लिहील, ते जगाला ऐकू येणारं नाव.

राहुरीहून आलेल्या एका काकांनी पीकपाण्यावर पुस्तक लिहिलं होतं. जन्मभर शेतीखात्यात काढलेली, पावसाच्या नोंदींच्या डायऱ्यांचा गठ्ठा घरी. प्रकाशनाचं नाव त्यांनी पक्कं करून आणलेलं: 'ऋतुज्ञ'. अर्थ सुरेख, विषयाला धरून. काका बाहेर गेले, फोन केला, आत आले. मुलाने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'रुतू गण्या'.

काका हसले, पण हटले नाहीत. "हा पोरगा आजकालचा," ते म्हणाले. "'ज्ञ'ची एवढी भीती असती तर 'ज्ञानोदय' कसा चालला असता?" मुद्दा बिनतोड होता. 'ज्ञानोदय' १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने सुरू केला तो याच नगरमधून, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालला. मी म्हटलं, "काका, त्यांना कुणी फोनवर ऑर्डर देत नव्हतं. आणि ई-मेलचा पत्ताही नव्हता." तिथं खरी मेख आहे. रोमन लिपीत मराठी माणूस 'ज्ञ' डी-एन-वाय असा लिहितो, हिंदीवाला जी-वाय असा. 'ऋ'चे आर-यू आणि आर-आय असे दोन पंथ. पैसे पाठवणारा विक्रेता एक स्पेलिंग टाकतो, बँकेतलं खातं दुसऱ्यावर असतं, ऑनलाइन शोधणारा तिसरंच टाकतो. दोन अक्षरांपायी पुस्तक सापडेनासं होतं.

"मग काय ठेवू?" त्यांनी विचारलं. अशा वेळी मी नाव सुचवत नाही, विचारतो. तुमच्या वस्तीला गावात काय म्हणतात? ते म्हणाले, एका झाडाच्या नावाने मळा ओळखला जातो; झाड कधीच पडलं, नाव राहिलं. झाड तीन अक्षरांचं, जोडाक्षर नसलेलं. मुलाने ते पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलं. ते नाव आता त्यांच्या बिलबुकावर आहे, म्हणून इथे देत नाही. पण त्या दिवशी काका खूश नव्हते. "मळ्याचं नाव पुस्तकाला? शहाणे लोक हसतील."

त्यांना मी 'मौजे'चं उदाहरण दिलं. नुसत्या शब्दावर जाल तर 'मौज' हे गंभीर साहित्याच्या प्रकाशनाचं नाव वाटेल का? ते आलं त्या नावाच्या साप्ताहिकावरून. पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी हस्तलिखितांवर जे संपादन केलं, त्याने त्या शब्दाचा अर्थच बदलून टाकला. मराठी लेखकाला पुढे 'मौजेने काढलं' एवढं सांगणं पुरायचं. 'मॅजेस्टिक'ही तसंच. गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमापाशी केशवराव कोठावळे यांचा पुस्तकांचा स्टॉल होता. शेजारच्या थिएटरचं नाव घेऊन मराठी पुस्तकांचं दुकान चालतं, पुढे त्यातून प्रकाशन उभं राहतं, 'ललित' मासिक निघतं आणि कुणालाही त्यात विसंगती वाटत नाही. नावाने अर्थ आणायचा नसतो. त्याने फक्त अडवायचं नसतं. अर्थ नंतर पुस्तकं भरतात.

फोनची परीक्षा झाली की कण्याची परीक्षा. शहाण्णव पानांच्या कवितासंग्रहाचा कणा जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा भरतो. त्यावर पुस्तकाचं नाव, कवीचं नाव आणि प्रकाशनाचं चिन्ह बसवायचं. इंग्रजी अक्षरं एका ओळीत सरळ उभी राहतात; आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. वर-खाली दोन्हीकडे पसरणारं नाव कण्यावर बसवायचं तर टाइप इतका बारीक करावा लागतो की कपाटात ते दिसतच नाही. मी प्रत्यक्ष मापाची पट्टी छापून जुन्या पुस्तकावर चिकटवतो आणि पुस्तक समोरच्या फळीत ठेवतो. खुर्चीतून वाचता आलं तर पुढे बोलायचं.

यानंतर कायद्याच्या गोष्टी. छापील साहित्य ट्रेडमार्कच्या सोळाव्या वर्गात येतं. एकट्या माणसाला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. गोलातला 'आर' नोंदणी झाल्यावरच लावायचा. नियतकालिकाचं नाव मात्र आपल्या मर्जीवर नाही. १८६७चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४पासून नवा आला, कामकाज ऑनलाइन झालं, तरी मूळ अट कायम आहे: मिळतंजुळतं शीर्षक आधीच कुणाकडे असेल तर ते मिळत नाही. म्हणून दिवाळी अंकवाल्याकडून मी एक नाव घेत नाही, यादी घेतो. पुस्तकाच्या शीर्षकाचं उलट. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका सिनेमाच्या नावावरून झालेल्या वादात स्पष्ट केलं. एका लेखकाला हे कुठून तरी कळलं आणि एका गाजलेल्या कादंबरीचंच नाव त्यांना आपल्या कादंबरीला हवं होतं. कायदा आड येत नव्हता. मी एवढंच विचारलं, "दुकानात गिऱ्हाइकाने ते नाव घेतलं, तर दुकानदार कुठलं पुस्तक काढून देईल?" त्यांनी दुसरं नाव आणलं.

प्रकाशनाच्या नावापेक्षा लेखकाचं नाव ठरवणं नाजूक. पाथर्डी तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पुस्तक आलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांना त्या शिकवतात. दिवाळीनंतर वर्ग रिकामा होतो आणि पाडव्याच्या सुमारास भरतो, त्याच्या नोंदी. लिखाण जोरकस. मुखपृष्ठावर नाव कोणतं घालायचं, यावर मात्र त्या अडल्या. कॉलेजात असताना कविता छापून आल्या त्या माहेरच्या आडनावाने. सेवापुस्तकात सासरचं. "प्रकाशनाला सासरे येणारेत," त्या हळूच म्हणाल्या.

मी मुखपृष्ठाचे नमुने वेगवेगळ्या नावांनी काढले आणि भिंतीला लावले. मराठीत याची वहिवाट जुनीच आहे, हेही सांगितलं. मालतीबाई बेडेकरांनी 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या नावाने काढलं, तेव्हा आतला मजकूरच असा होता की लेखिकेला आडोसा हवा होता. रहस्यकथा लिहिणाऱ्या चंद्रकांत सखाराम चव्हाणांना महाराष्ट्र 'बाबूराव अर्नाळकर' म्हणून ओळखतो. 'मनोरंजन' मासिक काढणारे आणि १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक देणारे का. र. मित्र हे मूळचे आजगावकर. आणि आमच्याच अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. १९७८च्या 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसवून त्यांनी पुस्तक उभं केलं. नाव बदललं म्हणून मागचा माणूस पुसला जात नाही, हे त्या पुस्तकाइतकं कुणी दाखवलं नसेल.

बाई बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या. मी विचारलं, "बाई, पहिल्या शंभर प्रती कोण घेणार?" "माझी मुलं. म्हणजे विद्यार्थी. आता मोठे झालेत, पुण्याला, भोसरीला कामाला आहेत." "ते तुम्हाला कुठल्या आडनावाने ओळखतात?" त्या हसल्या. "आडनाव कुणाला माहीतच नसेल." मग पहिलं नाव मोठ्या टाइपात आलं आणि माहेरचं आडनाव त्याखाली, लहान. सासरचं नाव श्रेयपानावर हक्कांच्या ओळीत घातलं, कारण मानधनाचा धनादेश त्या नावाच्या खात्यातच जमा होणार. सासरे प्रकाशनाला आले. त्यांनी पुस्तक उघडून आतलं नाव आधी वाचलं आणि मग उलटून मुखपृष्ठ पाहिलं, असं बाईंनी नंतर सांगितलं.

लेखकाचं सगळ्यात टिकलेलं नाव आमच्या जिल्ह्यात कुणी ठरवून ठेवलेलं नाही. गोविंद रघुनाथ दाभोलकर शिर्डीला आले, तिथं गुरूची गरज काय यावर वाद घातला, आणि साईबाबांनी चेष्टेत हाक मारली, "काय म्हणाले हे हेमाडपंत?" 'श्रीसाईसच्चरित' घराघरांत वाचलं जातं ते त्या हेमाडपंतांचं म्हणून. दाभोलकर हे आडनाव भक्तांनाही आठवून सांगावं लागतं. नेवाशाला शके १२१२मध्ये जो ग्रंथ सांगितला गेला, त्याचंही पोथीतलं नाव 'भावार्थदीपिका'. वारकऱ्यांनी त्याला 'ज्ञानेश्वरी' केलं. बारशाला आत्या पाळण्यातल्या बाळाच्या कानात कुर्र करून एक नाव सांगते, आणि घरात त्याला हाक दुसरीच पडते, तसं हे.

ऑक्टोबर २०२४मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हा हे जवळून पाहिलं. चोंडीच्या अहिल्यादेवींचं नाव जिल्ह्याला मिळालं आणि आमच्याकडे कामाची रीघ लागली: लेटरहेड, बिलबुकं, पावत्या, पुस्तकांच्या श्रेयपानांवरचे पत्ते. प्रकाशक विचारायचे, जुना साठा विकायचा तर त्यावर चिकटपट्टी लावू का? मी सांगायचो, छापलं तेव्हा जे नाव होतं ते त्या आवृत्तीचं. नव्या आवृत्तीत नवं घाला. पिनकोड ४१४००१ तोच आहे, पार्सल पोचतं. आणि बसस्थानकात कंडक्टर आधीही "नगर, नगर" असंच ओरडत होता, आताही तसंच ओरडतो. सरकारी नाव कागदाला लागतं, ते बरोबरच हवं. तोंडातलं नाव मात्र राजपत्रात निघत नाही.

इथवर नावाचं झालं. घोषवाक्याला ही सवलत नाही. नाव लोक आपल्या सोयीने वळवून घेतात. घोषवाक्य तुम्ही स्वतः, स्वतःबद्दल, स्वतःच्या खर्चाने छापता. म्हणून ते तपासलं जातं.

मागणी ठरलेली असते: 'वाचाल तर वाचाल'च्या चालीवर काहीतरी. ते वाक्य इतक्या ग्रंथालयांच्या भिंतींवर आहे की आता डोळा त्यावर थांबत नाही. शिवाय ते वाचकाला उपदेश करतं. प्रकाशक काय करणार याबद्दल त्यात अवाक्षर नाही. लेखकांचं तसंच. पहिल्याच पुस्तकाच्या मलपृष्ठावर 'सुप्रसिद्ध साहित्यिक'. पाथर्डीच्या बाईंच्या मलपृष्ठासाठी त्यांच्या सहकाऱ्याने 'संवेदनशील मनाच्या ख्यातनाम लेखिका' असं लिहून पाठवलं होतं. आम्ही ते काढून त्या कोणत्या मुलांना शिकवतात आणि वर्ग कधी रिकामा होतो, एवढंच घातलं. पुस्तक हातात घेणाऱ्याला लेखिकेची ओळख तेवढ्याने पटते.

शेवगावचा एक तरुण प्रकाशक घोषवाक्यासाठी आला. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर घर चालवायचा आणि हौसेने कथा-कविता काढायचा. त्याला 'ग्रंथाली'सारखं काहीतरी हवं होतं. 'वाचक चळवळ' हे दोन शब्द गाजले, कारण त्यामागे तसं काम होतं: वाचकांकडून आगाऊ पैसे घेऊन सवलतीत पुस्तकं द्यायची, ग्रंथयात्रा काढून गावोगाव जायचं. शब्द आधी नव्हते, काम आधी होतं. मी त्याला विचारलं, "नवा लेखक तुझ्याकडे आला की पहिलं काय विचारतो?"

"पैसे किती भरायचे."

"आणि दुसरं?"

तो जरा थांबला. "किती प्रती विकल्या, हे मला कसं कळणार."

मी समोरच्या कागदावर लिहिलं: 'दर पाडव्याला हिशेब.' त्याने कागद उचलला, वाचला आणि खाली ठेवला. "दादा, हे छापलं तर द्यावा लागेल की."

"लागेल."

"आणि विकलीच नाहीत तर?"

"शून्य लिहून द्यायचं."

त्याने चहा घेतला, कागद घडी करून खिशात घातला आणि पुस्तक घोषवाक्याशिवाय काढलं. मला ते आवडलं. पुढच्या पाडव्याच्या आधी तो लेखकांच्या हिशेबाची पत्रकं टाइप करायला आला. छापील प्रती, विक्रेत्यांकडे गेलेल्या, परत आलेल्या, भेट दिलेल्या, विकलेल्या, देय रक्कम, असे रकाने आम्ही बसून आखले. भेट दिलेल्या प्रतींचा रकाना लेखकाने स्वतः नेलेल्या आणि प्रकाशकाने वाटलेल्या असा मोडावा लागला, कारण भांडण नेमकं तिथंच होतं. बहुतेक आकडे दोन अंकी. एका संग्रहापुढे शून्य. त्या कवींचा चिडून फोन आला, असं तो सांगत होता. पण राग त्याच्यावर नव्हता, नगरच्या पुस्तक दुकानदारांवर होता. त्यानंतरच्या वर्षी निघालेल्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर खाली, बारकोडच्या शेजारी, ती तीन शब्दांची ओळ आली. लेखक आता तिचा दाखला देऊन त्याला पाडव्याच्या आधीच फोन करतात, अशी त्याची तक्रार आहे.

अलीकडे तरुण मंडळी मोबाइलवरून नावांची आणि घोषवाक्यांची लांबलचक यादी काढून आणतात. मशीनला सांगितलं की ते चुटकीसरशी देतं, आणि वाईटही देत नाही. पण त्या यादीत वस्तीचं नाव नसतं, विद्यार्थी बाईंना काय हाक मारतात ते नसतं, आणि लेखक प्रकाशकाला दबकत विचारतो तो दुसरा प्रश्न नसतो. ते समोर बसून काढून घ्यावं लागतं. यादी आणणाऱ्याला मी परत पाठवत नाही. नावांवर फोन आणि कणा या दोन परीक्षा लावतो. निम्मी तिथंच गळतात. घोषवाक्यांसाठी मात्र अट घालतो: येताना मागच्या वर्षीची हिशेबाची वही घेऊन या. वहीत जे केलेलं दिसेल, तेवढंच मलपृष्ठावर लिहू. काही जण वही घेऊन येतात. बाकीच्यांना मी तेवढी जागा कोरी ठेवायला सांगतो. तिचे पैसे लागत नाहीत.